पाय आधी ऊन होतात

वनितामावशी, तुझ्या दहाव्याला मी आले नाही. कळलं नव्हतं असं नाही. कर्जतच्या मेडिकलवाल्याने आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की ती पळसदरीची वनिता, पूर्वी ऑपरेशन थिएटरला असायची ती, गेली. मी त्याच्याकडून सुया घेतल्या, सलाईनचे सेट घेतले, पिशवीत भरले आणि "अरेरे" म्हणाले. एकोणीस वर्षांची ओळख आणि तोंडातून निघालं एवढंच. तुझी माणसं नदीवर जमली असतील तेव्हा मी खोपोलीत एका गृहस्थांना हर्नियासाठी भूल देत होते. ती केस दुपारवर ढकलता आली असती. मी ढकलली नाही.

मला यायला तोंड नव्हतं. आणि का नव्हतं ते तुला पक्कं ठाऊक आहे, असं मी परवापर्यंत धरून चालले होते.

तुझ्या-माझ्या कामाचं जे जमलं होतं ते आधी लिहिते, कारण चांगलं होतं ते. मी भुलीची डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल नसलेली. औषधांची पिशवी घेऊन सकाळी कर्जत, दुपारी खोपोली, संध्याकाळी मोहोपाडा, जिथे बोलावतील तिथे जायचं. तू कर्जतच्या एकाच हॉस्पिटलातली थिएटरची मावशी. शिक्षण आठवी. पहिल्या दिवशी मी तुला अहो-जाहो केलं तर तू हसलीस. म्हणालीस, तुमी मला तुमी म्हनलात तर मला वाटंल कोन दुसरीच बाई मागं उभी हाय. मग मी 'तू' म्हणायला लागले आणि तू मात्र शेवटपर्यंत 'म्याडम'च म्हणत राहिलीस. वयाने तू मोठी होतीस, चार वर्षांनी. हे मला फार उशिरा कळलं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

कमरेतून भूल द्यायची तर पेशंटला बसवून पुढे वाकवावं लागतं, आणि त्याला समोरून कुणीतरी घट्ट धरावं लागतं. ते काम तुझं. बाया घाबरून लाकडासारख्या ताठ व्हायच्या. तू त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घ्यायचीस आणि विचारायचीस, भात लावून झाला का गं, सून कुठली केली, म्हशीला काय झालं. त्या सांगायला लागायच्या, पाठ आपोआप सैल पडायची, आणि माझी सुई जायची. मी मागे उभी, माझं नाव भूलतज्ज्ञ. निम्मी भूल तू समोरून दिलेली असायचीस. हे मी तेव्हा तुला चेष्टेत म्हटलंही होतं, पण चेष्टेतच म्हटलं.

आणि ते पाय. इंजेक्शन देऊन पेशंटला आडवं केलं की तू न सांगता पायथ्याशी जायचीस आणि दोन्ही तळव्यांना हात लावून उभी राहायचीस. पहिल्यांदा मला वाटलं, धीर द्यायला धरत असेल. मग एके दिवशी म्हणालीस, "पाय ऊन झालं, म्याडम. आता खाली येनार." मी यंत्राकडे पाहिलं, रक्तदाब जागेवर. मिनिटभराने पट्टा फुगला, सुटला आणि आकडा वीसने खाली. त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. दर वेळी तेच. यंत्राला कळायच्या आधी तुझ्या तळहातांना कळायचं.

तुला कुणी शिकवलं नव्हतं. कारण मात्र मी सांगितलं, चहा पिताना, कपाटावरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून. आपल्या रक्तवाहिन्या कधी पूर्ण सैल नसतात, नसांच्या हुकमाने त्या जराशा आवळलेल्याच असतात. म्हणून तर रक्त वर डोक्यापर्यंत चढतं. कमरेतलं औषध दुखणं थांबवतं तसं तो हुकूमही थांबवतं. मग पायांतल्या वाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे साठतं, पाय गरम लागतात आणि वर रक्त कमी पडतं. तू चित्राकडे बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, म्हंजे वरच्या खाचराचा बांध फोडला की पानी खालच्या खाचरात जातं, तसं. मी म्हटलं, तस्संच. एम.डी.ला मला हे तीन प्रकरणांत समजलं होतं.

त्याच दिवशी मी फुशारकीने माझा प्रबंध सांगितला. भुलीची औषधं आणि रक्तवाहिन्यांचं सैल होणं, हाच विषय होता माझा. उंदराच्या धमनीची बारीकशी कडी कापायची, दोन आकड्यांत अडकवून कोमट पाण्यात टांगायची. एक औषध घातलं की कडी आवळते, कागदावरची रेघ वर चढते. दुसरं घातलं की सैल होते, रेघ उतरते. त्यात भुलीचं औषध मिसळून पुन्हा बघायचं. गंमत अशी, की काही औषधं वाहिनीला स्वतःच सैल करतात, आणि काही वाहिनीच्या आतल्या अस्तराकडून येणारा 'सैल हो' हा निरोप मध्येच अडवतात. म्हणजे भूल एका हाताने सोडते आणि दुसऱ्या हाताने धरते. यावर मी दोन वर्षं घालवली, असं मी तुला सांगितलं. तू एवढंच विचारलंस, उंदीर किती मारलं. मी आकडा सांगितला नाही. तू कपबशा उचलल्यास आणि जाता जाता म्हणालीस, येवढ्यात मानसांचं पाय बघून झालं असतं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, सलाईनवरून. तुझं म्हणणं, भूल द्यायच्या आधी प्रत्येकाला दोन बाटल्या पाणी चढवावं. खाचरात पाणीच नसेल तर बांध फोडून काय होणार, पाळंमुळं उघडी पडणार. मी म्हणायचे, मावशी, ते जुनं झालं. आता असं मानतात की आधी भरून ठेवलेलं पाणी टिकत नाही, भुलीबरोबर द्यावं, आणि लागलं तर प्रेशरचं औषध द्यावं. तू म्हणायचीस, मानत असतील. मी चिडायचे. सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, अजूनही आहे. पण आपल्याकडे टेबलावर येणारं माणूस सर्वसाधारण असेलच असं नाही, हे तुला म्हणायचं होतं. ते मी कधी नीट ऐकून घेतलं नाही.

आता तो बुधवार.

बाई खालापूरच्या बाजूची, गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आलेली. मी तिचं नाव इथे घेत नाही, ती छान आहे, नातवंडं खेळवते. आदल्या दिवशी अंगारकी होती. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून ती महडला गणपतीला जाऊन आली होती, रांगेत चार तास उभी, पावसाळी उकाड्यात. तिचा उपास कडक, पाणीसुद्धा नाही. चंद्र बघून सोडायचा. तुला-मला ठाऊक आहे आपल्याकडचं श्रावण-भाद्रपदाचं आभाळ. चंद्र दिसलाच नाही. बहुतेक लोक कॅलेंडरात वेळ बघतात आणि जेवतात. ती नाही जेवली. ढग हलतील म्हणून वाट बघत बसली, आणि मग आमच्या कागदावर लिहिलेली वेळ झाली, की रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. तिने तोही नेम पाळला. म्हणजे सोमवारी रात्री जेवलेली बाई बुधवारी सकाळी दहाला माझ्या टेबलावर होती. देवाचा नेम आणि डॉक्टरचा नेम, दोन्ही पाळणारी.

असं काही डॉक्टरला कुणी सांगत नाही. मावशीला सांगतात. म्हणून तर आधी काय खाल्लं-प्यायलं हे विचारायचं काम त्या हॉस्पिटलात तुझ्याकडे होतं.

तू मला हात धुण्याच्या जागेजवळ गाठलंस. मी हातमोज्यांचं पाकीट शोधत होते आणि मोबाईलवर मोहोपाड्याचा निरोप वाचत होते, तिथली केस बाराची होती. तू म्हणालीस, "म्याडम, या बाईनं परवापासनं पानी पन नाय घेतलंय. चंद्र दिसला नाय म्हनून उपास सोडलाच नाय. आधी दोन बाटल्या जाऊ द्या, मंग द्या सुई."

मी वर न बघता म्हणाले, "पोट रिकामं आहे ना? मग उत्तम."

एवढंच. भुलीच्या डॉक्टरला रिकाम्या पोटाचा इतका लोभ असतो, की 'काही खाल्लं नाही' ऐकलं की आम्ही पुढचं ऐकत नाही. आम्हाला भीती उलटीची, श्वासात अन्न जाण्याची. तहानेची भीती आम्हाला कुणी घातलेली नसते. आणि मला वाटलं, हे मावशीचं नेहमीचं दोन बाटल्यांचं पुराण.

तिचं प्रेशर यंत्रावर चांगलं होतं. आज मला कळतं ते चांगलं का होतं. अंगात पाणी नव्हतं, तर तिच्या रक्तवाहिन्यांनी होतं तेवढं रक्त जिवाच्या आकांताने आवळून धरलं होतं. नाडी जलद होती, मी म्हटलं घाबरली असेल. शंभर पानं ज्या विषयावर लिहिली, तोच विषय समोर बसला होता आणि मी त्याची पकड सोडवायला सुई घेऊन उभी होते. तू तिचं डोकं खांद्यावर घेतलंस. त्या दिवशी तू तिला म्हशी-सुनेचं काही विचारलं नाहीस, हे मला नंतर आठवलं. तू माझ्याकडेच बघत होतीस.

आडवं केल्यावर तू पायांना हात लावलास, लावल्या लावल्या म्हणालीस, पाय ऊन झालं. मग लगेच, तोंड बघा म्याडम. तिला जांभई आली, कसंतरी होतंय म्हणाली, आणि ओठ पांढरे. प्रेशर दिसेना. नाडी पडत पडत थांबली. मी औषध भरत होते आणि श्वास देत होते, हॉस्पिटलचे मालक, मोठे डॉक्टर, धावत येईपर्यंत छाती तूच दाबलीस, मोजत, न चुकता, मी कधीतरी शिकवलं होतं तशी. दीड मिनिटाच्या आत तिचं हृदय चालू झालं. मग पाय वर, बाटल्या दोन्ही हातांना, आणि रुग्णवाहिकेतून पनवेल. तीन दिवसांनी ती बोलत-चालत घरी आली.

त्या दुपारी तिच्या घरचे केबिनमध्ये बसले होते. आरडाओरड नव्हती. तिचा दीर रसायनीला कारखान्यात कामाला होता, शांत माणूस. त्याने एकच विचारलं, की वहिनीने दोन दिवस पाणी घेतलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

मी म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

ठरवून बोलले नाही, तोंडातून गेलं. पण गेल्यावर मागे घ्यायला भरपूर वेळ होता. तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. सगळे तुझ्याकडे वळले, कारण सांगायचं काम तुझं. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली टेबलाकडे बघत होते. मग तू म्हणालीस, "इसरले आसंन मी." आणि ट्रे आत आणून प्रत्येकाच्या पुढे एक एक ग्लास ठेवलास. माझ्यापुढेही ठेवलास. मी तो प्यायले.

एक तारखेपासून येऊ नको, असं तुला सांगण्यात आलं. मोठे डॉक्टर मला म्हणाले, लोकांना काहीतरी दाखवावं लागतं. मी मान हलवली.

त्यानंतर मी बदलले, मावशी, आणि लोक माझी वाहवा करतात. आता प्रत्येक पेशंटला मी स्वतः विचारते, पाणी शेवटचं कधी प्यायलात. भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी, एकादशी बघून मगच वेळ देते. सकाळच्या केसला दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायला लावते. झोपेचं ते दुधासारखं पांढरं औषध, तेही वाहिन्या सैल करतं, म्हणून ते थेंबाथेंबाने देते. आणि पाय बघते. एकदा पनवेलला डॉक्टरांच्या सभेत मी बोलले, की यंत्राच्या आधी पाय गरम होतात, हे माझं निरीक्षण आहे. 'माझं' म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या रात्री मी जेवले नाही, पण कुणाला काही सांगितलंही नाही.

तू पळसदरीला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या बंगल्यांवर साफसफाईला लागलीस, हे ऐकून होते. एकदाच भेटलो, कर्जतच्या बाजारात. जूनचा महिना, तू शेवळं, ती पहिल्या पावसातली रानभाजी, विकायला बसली होतीस. मला ओळखून उठलीस, तीन जुड्या आणि वर आंबट काकडं पिशवीत घातलीस, घशाची खाज जायला भाजीत काकडं घालाच म्याडम म्हणालीस. माझं मनगट दुखायचं ते तुझ्या लक्षात होतं, तेही विचारलंस. मी म्हटलं, बरी आहेस ना? तू म्हणालीस, हाय बरी. मागून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. तेव्हा बोलता आलं असतं. टेंपोवाला काही मला खाऊन टाकणार नव्हता. मी शेवळं घरी नेली, केली, आवडीने खाल्ली.

खरं सांगू? मला तुझा राग यायचा. तू मला वाचवलंस, असं मी समजत होते. वाटायचं, हिने तेव्हा खरं सांगून टाकलं असतं तर मी सुटले असते. आणि त्याच्याच आत एक सोयीस्कर समाधान होतं, की जाऊ दे, खरं काय ते दोघींना ठाऊक आहे. चूक माझी, मोठेपणा तिचा. दहा वर्षं मी त्यावर भागवलं.

परवा शेवटी पळसदरीला गेले. तुझी रेश्मा घरी होती. तिचा नवरा ड्युटीवर. तिने चहा टाकला. मी वाटेत जे घोकलं होतं ते सगळं बाजूला राहिलं आणि मी उभ्या उभ्याच म्हणाले, "रेश्मा, तुझ्या आईने मला त्या दिवशी सांगितलं होतं. मी खोटं बोलले."

तिने गॅस बंद केला. म्हणाली, मला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं, फॉर्म आणला होता. आईनं नाही जाऊ दिलं. म्हणाली, आपल्या डोक्यात राहत नाही गं, एखाद्याचा जीव जाईल आपल्या हातून. रेश्मा आता रसायनीला पॅकिंगमध्ये आहे.

मी म्हटलं, पण तिला तर खरं ठाऊक होतं ना. तिनेच मला सांगितलं होतं.

"नाय हो म्याडम," रेश्मा म्हणाली. "आई म्हनायची, मला वाटतंय मी सांगितलं. पन म्याडम कशाला खोटं बोलतील? म्हंजे मीच इसरले आसंन."

चहा तिने दिला, मी तो तसाच खाली ठेवला. तू मला वाचवलं वगैरे काही नव्हतंस. तुझं नि माझं म्हणून जे काही आहे असं मी समजत होते, ते फक्त माझ्याकडे होतं. तू केबिनच्या दारात उभी राहून स्वतःची आठवण तपासलीस, माझ्या शब्दाशी ताडून पाहिलीस, आणि खोटी ठरवलीस. मग दहा वर्षं त्या बाईच्या जिवाचं ओझं तू वाहिलंस, पोरीलाही वाहायला लावलंस. माझ्याकडे फक्त लाज होती.

निघताना मी रेश्माला विचारलं, हे मी लिहिलं तर चालेल का, आपल्या भागातल्या दिवाळी अंकात, त्या हॉस्पिटलातले लोक वाचतील असं. ती म्हणाली, लिहा. मग म्हणाली, आईला सांगायला पायजे होतं.

हो. म्हणून आता सांगते, ऐकायला तू नसताना. वनितामावशी, तू विसरली नव्हतीस. त्या बुधवारी, सुई घ्यायच्या आधी, हात धुण्याच्या जागेजवळ, तू मला सगळं सांगितलंस. चंद्र, उपास, पाणी, दोन बाटल्या, सगळं.

मी ऐकलं होतं.